वारा सरला का?

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडवर आलेले डॉक्टर चार-पाच प्रश्न विचारतात. त्यांत एक ठरलेला असतो: वारा सरला का? शहरातल्या मोठ्या रुग्णालयात तोच प्रश्न ‘गॅस पास झाला का?’ असा येतो. प्रश्न ऐकताच पेशंट अवघडतो. पलंगाशेजारी सून उभी असते, पायाशी जावई, मागे दोन शिकाऊ डॉक्टर. सासूबाई मान वळवून काहीतरी पुटपुटतात. बहुतेक वेळा ते ‘नाही’ असतं, कारण एवढ्या लोकांदेखत ‘हो’ म्हणवत नाही. मग त्यांचं जेवण, सलाइन निघणं, घरी जाणं, सगळंच लांबतं. जन्मभर जे चारचौघांत लपवलं, ते एकाएकी मोठ्यानं सांगायची वेळ आलेली असते.

हे पुस्तक लिहायला घेतलं ते वॉर्डात वर्षानुवर्षं पाहिलेल्या या अवघडलेपणामुळे. पोटातल्या वायूवर आपल्याकडे हसणं भरपूर आहे आणि औषधं त्याहून भरपूर. माहिती मात्र तुटपुंजी आहे, आणि त्यामुळे माणसं दोन्ही बाजूंनी नाडली जातात. साध्या पोटफुगीला आजार समजून वर्षानुवर्षं गोळ्या खातात आणि खऱ्या आजारात ‘गॅस झालाय’ म्हणून घरी बसून राहतात. या दोन चुकांमधलं अंतर वाचकाला ओळखता यावं, एवढ्यासाठीच ही सगळी मांडणी आहे.

ऑपरेशनपासून सुरुवात करतो, कारण तिथे वारा सरणं ही आनंदाची बातमी असते. पोट उघडून आतडं हाताळलं की ते थांबतं. १८९९ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की पोट उघडल्यावर आतड्याची हालचाल विरते आणि आतड्याकडे जाणाऱ्या ठरावीक नसा तोडल्या की ती परत येते. म्हणजे आतडं निकामी झालेलं नसतं. शरीरानंच त्याला थांबवून ठेवलेलं असतं. पुढच्या काही तासांत हाताळलेल्या भिंतीला सूज येते आणि हे थांबणं लांबतं. वेदनेसाठी दिलेली मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल ही औषधं मेंदूप्रमाणे आतड्यावरही काम करतात आणि त्याला आणखी मंद करतात. शिरेतून सलाइन जास्त गेलं, रक्तातलं पोटॅशियम उतरलं, तरी तोच परिणाम. इकडे माणूस थुंकीबरोबर हवा गिळतच असतो आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू वायू तयार करतच असतात. तो पुढे सरकत नाही, म्हणून पोट डब्ब होतं.

आतडं पुन्हा सुरू होतं तेही क्रमानं. लहान आतडं काही तासांत, फार तर दिवसभरात हलू लागतं. जठराला एक-दोन दिवस लागतात. मोठं आतडं सगळ्यांत उशिरा, दोन-तीन दिवसांनी. वारा खालून सरला याचा अर्थ या क्रमातलं शेवटचं ठिकाणही कामाला लागलं. सकाळच्या त्या एका प्रश्नाला एवढं मोल आहे ते यामुळे. पोटाला हातही न लागलेल्या मणक्याच्या किंवा खुब्याच्या ऑपरेशननंतरसुद्धा आतडं मंदावतं. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांमध्ये, आणि कधी सिझेरियननंतरही, कुठलाच अडथळा नसताना मोठं आतडं भलतंच फुगत जातं. हेनिएज ओगिल्व्ही या ब्रिटिश सर्जननं १९४८ साली अशा अवस्थेचं वर्णन केलं आणि ती आज त्याच्या नावानं ओळखली जाते. प्रकार विरळा, पण वेळेत लक्षात आला नाही तर आतडं फुटू शकतं. म्हणून ऑपरेशन हाडाचं असलं तरी फुगलेल्या पोटाची तक्रार सांगायला संकोच करू नये.

पूर्वी नियम कडक होता. वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, नाकातून जठरात नळी, आणि पेशंट पलंगावर. १९९० च्या दशकात डेन्मार्कमधल्या हेन्रिक केलेट या सर्जननं यातल्या एकेका नियमाला पुरावा मागायला सुरुवात केली, आणि बरेच नियम त्या कसोटीला उतरले नाहीत. नळी सरसकट घालायची गरज नव्हती. अनेक ऑपरेशनांनंतर काही तासांतच पाणी, दुसऱ्या दिवशी हलकं अन्न चालतं, आणि त्यानं आतडं लवकर सुरू होतं. अफूच्या वर्गातली औषधं कमी, पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं नियमित, सलाइन मोजून, आणि शक्य तितक्या लवकर पलंगाखाली पाय. तरीही नातेवाइकांनी आपल्या मनानं चमचाभरही काही पाजू नये. आतडं कापून जोडलेल्या माणसाचा हिशेब अपेंडिक्स काढलेल्या माणसाहून वेगळा असतो आणि तो सर्जनलाच ठाऊक असतो. दुखणं सोसत गोळी टाळण्याचाही उपयोग नाही. पोट दुखत असेल तर माणूस ना उठतो, ना खोल श्वास घेतो.

चालण्याबद्दल आपल्या घरांत फार भीती आहे. ‘टाके तुटतील’ म्हणून धडधाकट मुलं आईला दोन-दोन दिवस उठू देत नाहीत. चालल्यानं आतडं थेट सुरू होतं असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण पायात रक्ताच्या गुठळ्या होणं, फुफ्फुसात कफ साठणं, अंगातली ताकद जाणं हे सगळं चालण्यानं टळतं, आणि पेशंटला हलकं वाटतं. आधार देऊन, टाक्यांवर उशी धरून, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं चालवावं.

च्युइंगमचा उपाय ऐकून लोक चकित होतात. चघळलं की अन्न आल्याची वर्दी मेंदूकडून जठराला आणि आतड्याला जाते, प्रत्यक्षात पोटात काही न जाता. जपानमधल्या सर्जननी २००२ मध्ये मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशननंतर हे करून पाहिलं; वारा लवकर सरला. पुढे मोठ्या चाचण्यांत हा फायदा बराच कमी भरला, पण सिझेरियननंतरच्या बायकांमध्ये काही तासांचा फरक पुन्हा पुन्हा दिसला आहे. स्वस्त आणि निरुपद्रवी उपाय म्हणून डॉक्टरांना विचारून तो जरूर करावा. बाळंतिणीला तिसऱ्याच दिवशी तुपात माखलेले डिंकाचे लाडू भरवण्याची घाई मात्र करू नये. तिचं आतडं आधी भात-वरणाला सरावू दे. लाडू पळून जात नाहीत.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरचा वायू हा सर्वस्वी वेगळा विषय आहे, आणि घरोघरी त्याची गल्लत होते. एरिश म्यूहे यांनी १९८५ मध्ये जर्मनीत पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आपल्या देशात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी ते केलं, आणि आज तालुक्याच्या गावीही ते होतं. या ऑपरेशनात पोटाची पोकळी कार्बन डायऑक्साइडनं फुगवतात. तो पेट घेत नाही आणि रक्तात चटकन विरघळतो, म्हणून त्याची निवड. शेवटी तो बाहेर सोडतात, पण थोडा मागे राहतो, छातीखालच्या पडद्याच्या खाली जमतो आणि तिथल्या नसेला चाळवतो. ही नस मानेतल्या ज्या मुळांपासून निघते, त्याच मुळांकडे खांद्याचीही संवेदना जाते. म्हणून ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा. हा वायू आतड्याच्या बाहेर असतो, त्यामुळे ओवा, हिंग, सोडा यांतलं काहीही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो रक्तात शोषला जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. दोन-तीन दिवसांत दुखणं ओसरतं, तोवर साधी वेदनाशामक गोळी पुरते. फक्त खांद्याच्या किंवा छातीच्या दुखण्याबरोबर धाप लागत असेल, दरदरून घाम येत असेल, तर ‘गॅसच असेल’ असं कुणीही म्हणू नये. त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवावं.

आता रोजचा वायू. निरोगी माणसाच्या पचनमार्गात कुठल्याही वेळी साधारण पेलाभर वायू असतो आणि दिवसभरात अर्ध्या लिटरपासून दीड लिटरपर्यंत बाहेर पडतो. दिवसातून दहा-वीस वेळा वारा सरणं यात आजार नाही. त्यातला नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन आणि मिथेन यांचा असतो, आणि यांतल्या एकालाही वास नाही. वास येतो तो गंधकाच्या संयुगांच्या अत्यल्प अंशामुळे. हे मोजण्यात मिनियापोलिसच्या मायकेल लेव्हिट यांनी आयुष्य घालवलं. त्यांच्या कामातला एक प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९७५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतत पोट फुगतं, दुखतं अशी तक्रार असलेले लोक आणि तक्रार नसलेले लोक यांच्या आतड्यांतला वायू प्रत्यक्ष मोजला. दोन्हीकडे तो सरासरी २०० मिलिलीटरच्या आतच भरला. फरक वायूच्या प्रमाणात नव्हता. त्रास असलेल्यांमध्ये तो पुढे नीट सरकत नव्हता, काहींमध्ये उलटा जठराकडे येत होता, आणि इतरांना जाणवतही नाही एवढ्या वायूनं त्यांना दुखत होतं.

या निष्कर्षानं उपचारांची दिशाच बदलायला हवी होती. जिचं पोट संध्याकाळपर्यंत साडी सैल करावी लागेल इतकं वर येतं, तिला ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवणं चुकीचं आहे. आणि तिच्या पोटात हवेचा साठा आहे असं समजून तो काढायची औषधं देत राहणंही चुकीचं आहे. बार्सिलोनाच्या फर्नांदो अस्पिरोझ आणि त्यांच्या चमूनं पोटफुगीच्या वेळी स्कॅन काढून पाहिले. अनेकांमध्ये वायू फारसा वाढलेला नव्हता, पण छातीखालचा पडदा खाली उतरला होता आणि पोटाचे पुढचे स्नायू सैल पडले होते. सहसा जेवणानंतर याच्या उलट घडतं. हे स्नायू नकळत चुकीचं वागायला शिकलेले असतात आणि श्वासाच्या सरावानं त्यांना पुन्हा वळण लावता येतं. त्या सरावाला या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

अन्नाचा भाग मात्र खराच आहे, आणि तिथे आपल्या स्वयंपाकघराला पुष्कळ कळतं. वाल, पावटे, चवळी, हरभरा, वाटाणा यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या तोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि जिवाणू त्यांना आंबवतात. कडधान्य रात्रभर भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, या रीतीनं या साखरा बऱ्याच कमी होतात. मोडाच्या मटकीची उसळ पोटाला मानवते आणि घाईनं शिजवलेले छोले मानवत नाहीत, याचं कारण हे. वेळ वाचवण्यासाठी भिजवल्याचं पाणीच आमटीत वापरणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. हिंग आणि ओवा यांवर माझा लोभ आहे. हिंग अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून आपल्याकडे येत राहिला. २०२० मध्ये पालमपूरच्या एका संशोधन संस्थेनं हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात त्याची लागवड सुरू केली, हे वाचून मला फार आनंद झाला होता. हे पदार्थ फोडणीत घालावेत, जेवणानंतर चिमूटभर ओवा चघळावा. पण मूळ कारण तसंच ठेवून नुसत्या हिंगावर भिस्त ठेवू नये.

दुधाचंही तसंच. आपल्या देशात मोठेपणी दुधातली साखर पचवण्याची क्षमता कमी झालेली माणसं खूप आहेत. रात्री पेलाभर दूध पिऊन सकाळी पोट गुरगुरतं, पण दही, ताक आणि चहातलं दूध निभतं, अशी कहाणी असेल तर निदान जवळजवळ झालंच. गहू, कांदा, लसूण यांत फ्रक्टन नावाची शर्करा-साखळी असते. चातुर्मासात कांदा-लसूण बंद असताना ज्यांचं पोट शांत राहतं, त्यांनी त्या चार महिन्यांच्या अनुभवाची जरूर नोंद करावी. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी अशा आंबणाऱ्या सगळ्या शर्करांना २००५ मध्ये ‘फॉडमॅप’ या एका नावाखाली आणलं. या शर्करा टाळण्याचा आहार दोन ते सहा आठवडे पाळायचा आणि मग एकेक पदार्थ परत घेऊन आपला नेमका दोषी शोधायचा, असा आहे. इंटरनेटवरची यादी छापून वर्षभर अर्धपोटी राहणाऱ्या बायका मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. एवढी उपासमार कुणी सांगितलेलीच नाही.

औषधांमुळेही पोट फुगतं, हे फार कमी जणांना सांगितलं जातं. मधुमेहासाठीच्या व्होग्लिबोस आणि अकार्बोस या गोळ्या पिठूळ अन्नाचं पचन मुद्दाम लांबवतात, मग उरलेलं जिवाणूंना मिळतं. मेटफॉर्मिननंही काहींना त्रास होतो. बद्धकोष्ठासाठी दिलेलं लॅक्ट्युलोजचं सिरप आतड्यात आंबतच असतं, त्यामुळे ऑपरेशननंतर ते घेणाऱ्यांचं पोट आणखी फुगू शकतं. साखरेऐवजी सॉर्बिटॉल घातलेल्या गोळ्या आणि च्युइंगम यांचंही तेच. ऑपरेशननंतर दोन दिवस चघळायला सांगितलेलं च्युइंगम रोजची सवय झालं तर वायू वाढवतं, शिवाय चघळताना हवाही गिळली जाते.

आणि ती ‘गॅसची गोळी’. सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल घेणारी माणसं आज जवळजवळ प्रत्येक इमारतीत आहेत. ही गोळी जठरातलं आम्ल कमी करते. जळजळ, आंबट ढेकर, अल्सर यांवर ती उत्तम आहे. वायूवर तिचं काम नाही. सायमेथिकोन हे औषध वेगळं: उकळत्या वरणावर तेलाचा थेंब पडला की फेस बसतो, तसं ते बुडबुडे फोडतं. त्यानं काहींना आराम पडतो, धोका जवळजवळ नाही, आणि अपेक्षाही बेताचीच ठेवावी. खाण्याचा सोडा मात्र जठरातल्या आम्लाशी मिळून नवा कार्बन डायऑक्साइड तयार करतो. सोडा घेतल्यावर येणारी ढेकर बहुतांशी त्या सोड्याचीच असते, आणि ती आली की माणसाला वाटतं, सुटलो.

हे सुटलो वाटणंच कधीकधी जिवावर बेततं. पन्नाशीचा माणूस, मधुमेह, रात्री जेवल्यावर छातीच्या मध्यभागी किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, थोडा घाम. घरचे सोडा देतात, पाठीवर थापटतात, ढेकर येते, जरा बरं वाटतं, आणि सकाळपर्यंत हृदयाच्या स्नायूचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. हृदयविकाराच्या झटक्यात मळमळ, ढेकर, पोटात भरल्यासारखं वाटणं हे सगळं असू शकतं. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये छातीतली कळ नसतानाही असू शकतं. ढेकर आली म्हणून हृदय ठीक आहे, असा निष्कर्ष कुठल्याही वैद्यकशास्त्रात नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असा दाब पंधरा-वीस मिनिटं राहिला तर ईसीजी काढण्यासाठी लगेच निघावं, मध्यरात्र असली तरी. पुस्तकातलं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं लक्षात राहावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इतर खुणांची चर्चा त्या त्या प्रकरणात आहे, इथे थोडक्यात सांगतो. पोटात गोळा उठून फिरतो, गुरगुर होते, मग काहीतरी सुटल्यासारखं होऊन बरं वाटतं, आणि बरोबर वजन घटतंय, संध्याकाळी कणकण येते: आपल्या देशात हे आतड्याच्या क्षयाचं चित्र असू शकतं, आणि तो औषधांनी बरा होतो. पन्नाशीनंतर एखाद्या बाईचं पोट नव्यानं फुगू लागलं, दोन घास खाऊन भरल्यासारखं वाटू लागलं आणि आठवड्यामागून आठवडे ते तसंच राहिलं, तर अंडाशयाची सोनोग्राफी करायलाच हवी. पाळी गेल्यावर पोट सुटतंच, असं म्हणून ती टाळू नये. शौचावाटे रक्त, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, अकारण उतरणारं वजन यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय थांबवावेत.

शरीराचे नैसर्गिक वेग अडवू नयेत, हे चरकसंहितेनं सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगून ठेवलं आहे. अडवू नयेत अशा तेरा वेगांत अधोवात आणि ढेकर दोन्ही आहेत. त्या ग्रंथाला जे बोलायची लाज वाटली नाही, त्याची आपल्या घरांत आणि वॉर्डांत वाटू नये. नर्सबाईंनी ‘वारा सरला का?’ हा प्रश्न विचारण्याआधी नातेवाइकांना क्षणभर बाहेर पाठवलं, पडदा ओढला, तर उत्तरं खरी मिळतील. त्याला खर्च काहीच नाही.

शेवटचं प्रकरण जुन्या ऑपरेशनांवर आहे आणि ते मी मुद्दाम लांब ठेवलं आहे. एकदा पोट उघडलं की आतड्याच्या वेटोळ्यांमध्ये चिकटे तयार होऊ शकतात. बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाहीत. पण काहींमध्ये दहा-वीस वर्षांनीही त्यांत आतडं अडकतं. पोट फुगतं, लाटेसारखी कळ येते, उलट्या हिरव्या होतात, शौच आणि वारा दोन्ही बंद. जांघेत किंवा जुन्या टाक्यांच्या जागी अडकलेला हर्निया असेल तरी हेच. अशा वेळी जुलाबाचं औषध किंवा एनिमा देऊन वाट पाहणं घातक आहे. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठावं. तिथे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात ते आधीच्या ऑपरेशनबद्दल, आणि ‘काहीतरी पिशवीचं झालं होतं’ एवढंच उत्तर मिळतं. पिशवी गर्भाची की पित्ताची, उघडून की दुर्बिणीतून, आतड्याचा तुकडा काढला होता का, यावर पुढचे कित्येक निर्णय अवलंबून असतात. म्हणून डिस्चार्ज कार्ड रेशनकार्डाच्या फाइलमध्ये जपून ठेवावं, त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून घरातल्या दोघांकडे तरी पाठवावा. त्या कार्डावर काय काय लिहिलेलं असायला हवं आणि नसेल तर ते डॉक्टरांकडून कसं मागून घ्यावं, याचा नमुना त्या प्रकरणाच्या शेवटी दिला आहे.